आधी थोडे आवळ

गेल्या रविवारी दुपारी, सोलापुरातली शहाणी माणसे दारे-खिडक्या लावून पंख्याखाली पडलेली असताना, मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या गाडीच्या पोटाखाली उताणा पडून एका नटाची समजूत घालत होतो. शिव्या देण्याचा टप्पा सकाळीच संपला होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळिसाच्या घरात असतो आणि पत्र्याखाली तो आणखी चढतो. तेवढ्या उन्हाने तरी नट थोडा सैल पडेल अशी मला आशा होती. तो पडला नाही.

गाडी म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या दशकातली फियाट ११००, जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणतात. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या फियाट बाहेर पडू लागल्या. त्यामुळे ही गाडी माहेरी आली आहे, असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. फक्त माहेरी येण्याआधी तिने कोकणातल्या एका आवारात, समुद्राच्या वाऱ्यावर आणि फणसाच्या झाडाखाली, पंधरा पावसाळे काढले आहेत. सोलापूरच्या कोरड्या हवेत लोखंड निदान सावकाश म्हातारे होते. खाऱ्या हवेत ते आजारी पडते.

गंजाविषयी माझी पूर्वी अशी समजूत होती की तो लोखंड खातो, म्हणजे त्याने जागा मोकळी व्हायला हवी. प्रत्यक्षात गंज झालेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, आणि नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये, म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या वळणदार खाचांमध्ये, मुळातच केसभर फट असल्यामुळे ही वाढलेली भुकटी तिथे पाचर ठोकल्यासारखी बसते. बाहेरून नट रोडावलेला दिसतो आणि आतून तो फुगलेला असतो. अशी माणसेही मला ठाऊक आहेत, पण ती बाजूला ठेवू.

पायडलची गोष्ट मात्र बाजूला ठेवता येत नाही. मी दहा वर्षांचा असताना, गड्ड्याची यात्रा चार दिवसांवर आलेली असताना, सिद्धेश्वर तलावाच्या कडेला सायकलवरून पडून मी डावे पायडल वाकवून घेतले. अप्पा तेव्हा एका गिरणीत फिटर होते. पहिली पाळी करून ते घरी आले, हातपाय धुऊन पायरीवर बसले आणि कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर सावकाश मोडत माझ्याकडे पाहू लागले. मी पाना लावला, पान्यावर नळीचा तुकडा चढवला, शेवटी त्या नळीवर दोन्ही पायांनी उभा राहिलो. भाकरी संपेपर्यंत अप्पा काही बोलले नाहीत. मग पाणी पिऊन म्हणाले, "तू सोडवत नाहीस, आवळतोयस." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवताच ते सैल होऊन गळून पडेल, हे त्या दिवशी मला कळले. मी रडकुंडीला आलो होतो. अप्पांनी पाना दुसऱ्या बाजूने लावला, एक झटका दिला आणि ते पायडल इतक्या सहज फिरले की मला माझाच राग आला. "तुझी मेहनत फुकट गेली नाही," ते म्हणाले. "जाम झालेलं आधी थोडं आवळायचंच असतं. मग सुटतं."

यामागचे कारण साधे आहे. सोडवण्याच्याच दिशेने जोर करत राहिले तर बोल्ट पिळवटून तुटतो; आवळण्याच्या दिशेने जरासा दाबला की गंजाची पकड कुठेतरी तडकते, आणि मग पुढे-मागे, पुढे-मागे करत, मधूनमधून रॉकेलचे थेंब सोडत, तो पाव-पाव फेऱ्याने बाहेर आणावा लागतो. अप्पांना हे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. इंग्लंडातल्या लँकेशायरहून आलेल्या, स्वतःहून वयाने मोठ्या असलेल्या मागांच्या हाताखाली ते शिकले होते.

त्या मागांमुळेच अप्पांचे पाने माझ्या उपयोगाचे नाहीत. त्यांची पेटी अजून आमच्याकडे आहे आणि तिच्यातले बहुतेक पाने व्हिटवर्थ मापाचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१ साली आट्यांना ठरावीक माप लावून दिले, तोवर प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे. माझी फियाट इटालियन घराण्याची, म्हणजे मिलिमीटरची. पाव इंची व्हिटवर्थ पाना (हे माप बोल्टच्या जाडीचे, पान्याच्या तोंडाचे नव्हे) तेरा मिलिमीटरच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण तो एक तृतीयांश मिलिमीटर सैल असतो. या "बसल्यासारखा वाटतो"च्या भरवशावर मी पहिल्याच आठवड्यात तीन नटांचे कोपरे घालवले. षटकोनी नटाचा रुपया झाला की त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही.

अशा वेळी मी अक्कलकोट रस्त्यावरच्या चाचांना बोलावतो. त्यांचा विश्वास गॅसवर. नट लालबुंद होईपर्यंत तापवायचा, जरा थांबायचे आणि मेणबत्तीचे टोक आट्याला टेकवायचे. मेण वितळून आत ओढले जाते. दहा मिलिमीटरचा नट पाचशे अंशांनी तापवला तरी त्याचे भोक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढेच मोठे होते, हे मी कागदावर मांडून पाहिले होते आणि चाचांना दाखवलेही. त्यांनी कागद पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "मालक, तेवढं लै झालं की त्याला." पुढच्या दारांच्या बिजागऱ्या या गाडीला मागच्या बाजूला असतात, दारे उलटी उघडतात, त्या बिजागऱ्यांचे आठही स्क्रू चाचांनी एका दुपारी काढले.

माझा एक हट्ट मात्र त्यांना पटत नाही. मी नट कापू देत नाही. छिन्नी मारली, कटर फिरवला की दोन मिनिटांत काम होते आणि नवा नट बाजारात चहाच्या किमतीत मिळतो, हे मला मान्य आहे. तरीही कुर्ल्यात सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी, कदाचित जेवणाच्या सुट्टीकडे डोळा ठेवून, तो नट हाताने फिरवत नेला होता, आणि त्या फिरवण्याचा उलट प्रवास पूर्ण व्हावा असे मला वाटते. का वाटते, याचे धड उत्तर माझ्याकडे नाही. निघालेले नट मी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांत रॉकेलमध्ये बुडवून, वर चिठ्ठ्या चिकटवून ठेवतो. बायको त्या फळीला गंजाचे लोणचे म्हणते आणि पाहुणे आले की पडदा ओढते.

सध्या अडले आहे ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, एका स्टडवर, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टवर. तिथला लोखंडी नट हजारो वेळा तापून निवला आहे. म्हणूनच जाणती माणसे त्या जागी पितळी नट बसवतात. कोणीतरी बसवला नाही. डब्ल्यूडी-४० हे फवाऱ्याचे तेल मारून झाले, जे १९५३ साली अमेरिकेत चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणे आणि पाणी दूर ठेवण्यासाठी बनले होते. मला ते रॉकेलपेक्षा फक्त वासाने बरे वाटते. मेणबत्ती झाली. हलक्या हातोडीने चहूबाजूंनी टिचक्या मारून झाल्या. आधी थोडे आवळूनही पाहिले. तो आवळलाही जात नाही.

रविवारी साडेचारच्या सुमारास अप्पा काठी टेकत शेडच्या दारात आले. बत्तीस वर्षे पाना धरलेला त्यांचा हात आता औषधाच्या बाटलीचे झाकण उघडायला माझ्याकडे पाठवतो. वाकून त्यांनी गाडीखाली पाहिले.

"निघाला काय रे?"

"नाही, अप्पा."

"कितवा दिवस?"

"चौथा."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग, "राहू दे मग. चहा टाकलाय," म्हणून आत गेले. मी आट्यावर आणखी चार थेंब सोडले, चिंधी गुंडाळली आणि त्यांच्या मागून घरात गेलो.