चाकवत की त्याचा चुलतभाऊ?

परवा परभणीकडं गावी गेलतो, गव्हात पाटाच्या कडंनं चाकवत लई माजलाय म्हणून पिशवीभर खुडून आणला तर माय म्हणली, यातला अर्धा चाकवत नाहीच! मग बसलो निवडत. खऱ्या चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पीठ भुरभुरल्यावानी पांढरी भुकटी असती, बोटाला लागती, अन् दुसऱ्याचं पान गर्द हिरवं, चकचकीत, कडंला वाकडेतिकडे टोकदार दाते, चुरगाळलं की घाण वास. २०१२ मधी शास्त्रज्ञांनी या दुसऱ्याला चिनोपोडियम म्हंजी चाकवताच्या वंशातून काढून चिनोपोडिॲस्ट्रम नावाच्या वेगळ्या वंशात टाकलं, मायनं थेट उकिरड्यावर. नुसत्या पानावर जाऊ नका हां, चाकवत लई रूपं बदलतो. बी चोळून भिंगाखाली बघा, चाकवताची काळी चकचकीत, कड बोथट, त्या दुसऱ्याची मळकट अन् कडंला धार. ताकातली भाजी मात्र वाटीभरच झाली.