आमची वाटचाल: सेल्युलर जेलपासून जॉली बॉयपर्यंत

नाशिककर अंदमानला निघतो तो सेल्युलर जेलसाठी. सावरकर आपल्या भगूरचे, म्हणून कोठडीसमोर हात जोडायचे आणि परतायचं. समुद्राखालचं प्रवाळ दाखवल्याशिवाय सहल पुरी करायची नाही, हे आमच्या टूर फर्मने पहिल्यापासून धरलं.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा जानेवारीची बॅच फुल होती. हॉटेलात, तिकिटांत पैसे अडकलेले आणि दारात ॲडव्हान्स परत मागणारे. पत्नीच्या पाटल्या मोडून एकेकाचा हिशेब चुकता केला. त्याच आठवड्यात आमच्याच रस्त्यावरचा एक टूरवाला ‘बेटं बुडाली, प्रवाळ संपलं’ असं सांगत आमची गिऱ्हाइकं केरळला वळवत होता. हे मी विसरलेलो नाही. उत्तर अंदमानात जमीन वर उचलली जाऊन प्रवाळ उघडं पडलं, मेलं; निकोबारात जमीन खचली, माणसं गेली. पण हॅवलॉक, नील ही बेटं जागेवर होती. ऐकणार कोण?

भगूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने मात्र पैसे घेतले नाहीत. “राहू दे तुझ्याकडे, नेशील तेव्हा ने,” म्हणाल्या. बाईंच्या त्या शब्दावर ऑफिसचं शटर उघडं राहिलं. पुढे त्यांना नेलं, नंतर त्यांच्या सुना-नातवंडांनाही.

मधली वर्षं बरी गेली. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं, तेव्हा आम्ही प्रवाशांना निघण्याआधीच तसं सांगितलं.

पाण्याखाली बघायचे मास्क आम्ही स्वतःचे नेतो. नवा मास्क आतून टूथपेस्टने घासायचा, नाहीतर काच धुरकटते. पट्टा न लावता तोंडावर धरून नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तर माप बरोबर. कपाळावरची एक बट आत राहिली तरी पाणी शिरतं. आणि प्रवाळावर पाय टेकू नका, तो जिवंत प्राणी आहे. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

तो टूरवाला आता पत्रकावर जॉली बॉय या प्रवाळाच्या बेटाचा फोटो छापतो आणि प्रवाशांना तिथे नेतच नाही. वंडूरहून बोट, आधी परवाना, प्लॅस्टिकच्या बाटलीला बंदी, एवढा खटाटोप कोण करतो? तुम्ही कोणाकडूनही जा, पण पैसे भरण्याआधी विचारा: जॉली बॉय आहे का, आणि तो दिवस सोमवार तर नाही ना? सोमवारी ते बंद असतं.