टाकी रिकामी करायचा वार

मुक्काम क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना. वाळवंटातल्या सरकारी जमिनीवर १४ दिवस फुकट राहता येतं, पण नळ नाही की गटार नाही. म्हणून आज आरव्ही, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, घेऊन सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला गेलो. आठ महिने झाले या घराला, तरी नवऱ्याने उलटंच केलं! आधी भांड्यांचं पाणी सोडलं, मग संडासाची टाकी. अरे, साबणाचं पाणी मागून सोडायचं, म्हणजे पाइप आपसूक धुतला जातो. मागे तीन गाड्या ताटकळलेल्या आणि हा हातमोजे घालून पाइप खळखळवतोय.

संध्याकाळी कुकर लावला. पहिल्याच शिट्टीला शेजारचे आजोबा धावत आले, "गॅस गळतोय का?"

वरण-भात खाऊन गेले. ताट टिश्यूने पुसून दिलं, पाणी वाचवायला. नवऱ्यापेक्षा शहाणे!