दॉर्दोन्यच्या खेड्यांत मोटरहोमचा मुक्काम

नैऋत्य फ्रान्समधल्या दॉर्दोन्य भागात सार्लाहून रोकामादूरपर्यंत मोटरहोमने (झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीने) रमतगमत जाताना किल्ले, गुहा आणि अक्रोडाच्या बागा बघण्यात दिवस कसा जातो कळत नाही. डोक्याला ताप होतो तो संध्याकाळी, गाडी लावायला जागा शोधताना. आमचा अनुभव असा, की बेनाकसारखी नावाजलेली गावं दिवसा बघावीत आणि रात्री दहा-पंधरा किलोमीटर आत, जिथे पर्यटकांच्या बसेस थांबत नाहीत अशा गावात झोपावं.

आतल्या अनेक गावांत पालिकेने मोटरहोमसाठी तळ राखलेला असतो, त्याला तिथे 'एर' म्हणतात. काही फुकट, काहींना थोडे युरो पडतात. पाणी भरायचा खांब, सांडपाणी सोडायची जाळी आणि टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) ओतायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. पण काही खांब नाणी किंवा कार्ड घेत नाहीत, 'जेतोन' म्हणजे खास टोकन मागतात. तो पालिकेत, बेकरीत नाहीतर पर्यटन कार्यालयात मिळतो, आणि दुपारी बारा ते दोन यांतलं काहीही उघडं असेल याची खात्री नाही. म्हणून जेतोन सकाळीच घेऊन ठेवा. हिवाळ्यात गोठण्याच्या भीतीने पाणी बंदही ठेवतात.

आम्हाला सगळ्यांत आवडला तो 'फ्रान्स पासियाँ'चा मार्ग. 1993 पासून चालू असलेल्या या योजनेत वर्षाचं सदस्यत्व घेतलं की शेतकरी आणि द्राक्षमळेवाले आपल्या आवारात एक रात्र फुकट राहू देतात. गाडीत स्वतःचं टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी हवीच. यजमानाकडून या सोयींची अपेक्षा धरायची नाही. उजेड असताना पोहोचा, आधी घरी जाऊन 'बाँजूर' म्हणा, मगच गाडी कुठे लावू ते विचारा. खरेदीची सक्ती नसते, तरी रिकाम्या हाताने निघणं बरं वाटत नाही. शाकाहारी मंडळींनी यादीत यजमान काय पिकवतात ते बघूनच ठिकाण निवडावं, कारण या भागात बदकं आणि हंस पाळणारे पुष्कळ. आम्ही अक्रोडाचं तेल घेतलं आणि ते शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चंच ओतून खाल्लं. फ्रेंचांना सांगू नका!

साध्या पार्किंगमध्ये मनाईची पाटी नसेल तर गाडीत झोपायला सहसा हरकत नसते. मात्र खुर्च्या मांडल्या, बाजूचं छत उघडलं की ते कॅम्पिंग ठरतं. चौकात थांबण्याआधी बाजाराच्या दिवसाची पाटी वाचा. सार्लात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, आणि पहाटे विक्रेते येतात तेव्हा चौक रिकामा लागतो. चर्चच्या अगदी खालीही नको, काही गावांत घंटा रात्रभर तास मोजते. बऱ्याच पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटर उंचीचा आडवा दांडा असतो, तेव्हा आपल्या गाडीची उंची पाठ असू द्या. महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी मात्र रात्र काढू नका, तिथे चोऱ्या होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये एर लवकर भरतात. चारच्या सुमारास पोहोचा, किंवा गावचं 'काँपिंग म्युनिसिपाल', म्हणजे पालिकेचं कॅम्पिंगचं मैदान, गाठा. गरम पाण्याची अंघोळ मिळते आणि दरही बेताचे असतात. गाडी साडेतीन टनांहून जड असेल तर साधा कार परवाना चालत नाही, आणि 2021 पासून 'आंग्ल मॉर'चे, म्हणजे चालकाला न दिसणाऱ्या बाजूंचा इशारा देणारे, स्टिकर लावणंही सक्तीचं आहे. रविवारी डिझेल लागलं तर सुपरमार्केटचा कार्डवर चालणारा पंप शोधा.