सा प सा ग प सा

दीड वर्षापूर्वी स्कूटर घसरली आणि डाव्या हाताची अनामिका मधल्या पेरात मोडली. हाड जुळलं, पण बोट काही पूर्ण वाकेना. कीबोर्ड बडवायला, भाजी चिरायला अडत नव्हतं. अडलं ते गिटारला. मी काही मोठा वादक नाही. चार मित्र जमले की गाणी रेटता येतील एवढंच येतं. पण एफ आणि बी मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) गेले की अर्धी गाणी जातात. सहा महिने गिटार कपाटावर धूळ खात पडली होती.

गायिका आणि गिटारवादक जोनी मिशेलबद्दल कधीतरी वाचलेलं त्या काळात आठवलं. लहानपणी पोलिओ झाल्यानं तिचा डावा हात दुबळा राहिला, म्हणून ती तारांचे सूरच बदलून घ्यायची. म्हटलं, बोट वाकत नाही तर तारांनाच जरा वाकवून बघू.

नेहमीच्या लावणीत, म्हणजे ट्यूनिंगमध्ये, तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात; आकडे मात्र बारीक तारेकडून मोजतात, म्हणून जाड ई ही सहावी. बोट न ठेवता सहाही छेडल्या तर धड कुठलाच कॉर्ड निघत नाही. ओपन ट्यूनिंगमध्ये मोकळ्या ताराच अख्खा कॉर्ड वाजवतात. मग एकच बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवायचं आणि वरखाली सरकवायचं, की दुसरे कॉर्ड मिळतात. तर्जनी माझी ठणठणीत आहे.

सुरुवात ओपन ईनं केली, हा मूर्खपणा. त्यात तीन तारा चढवाव्या लागतात आणि माझ्या तारा गंजलेल्या, दोन वर्षं जुन्या. चौथी डीवरून ईकडे नेताना कानाशी टण्ण झालं आणि मनगटावर बारीक ओरखडा उठला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "काय रे फोडलंस?"

नवा संच आणला आणि या खेपेला ओपन डी. घडण तीच, फक्त सगळं एका पूर्ण स्वरानं खाली. चढवायचं काहीच नाही. सहावी आणि पहिली ईवरून डीवर, दुसरी बीवरून एवर, तिसरी जीवरून एफ शार्पवर. पाचवी आणि चौथी जागच्या जागी. लिहायला दोन ओळी लागल्या, प्रत्यक्षात पाऊण तास गेला. एक तार ढिली केली की मानेवरचा ताण कमी होतो आणि न हलवलेल्या तारा आपोआप किंचित चढतात. त्या सारख्या करेपर्यंत पहिल्या पुन्हा सरकलेल्या. दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. तार उतरवताना हव्या त्या सुराच्या थोडं खाली न्यायची आणि तिथून वर चढवत आणायची, नाहीतर वाजवता वाजवता ती सरकते. तिसरी तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकून मधेच टक् करून उडी मारायची. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं आणि ती खोड गेली.

वहीत सूर लिहून काढले: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डी म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. तिला सा धरून खाली सरगम लिहिली आणि पेन तसंच हातात राहिलं. सा प सा ग प सा. वीस वर्षं मी ई-ए-डी-जी-बी-ई घोकत होतो, त्याचा माझ्या कानाशी कधी संबंधच आला नव्हता. हे मात्र लहानपणापासून घरात ऐकत आलो होतो. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, भजनी मंडळात गातात. दर गुरुवारी आमच्याकडे पेटी, टाळ, पखवाज.

पहिल्या रात्री नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसलो. डीवर आणलेली सहावी तार पोटाला टेकलेल्या लाकडातून जाणवते. पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) तर्जनी आडवी ठेवली की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा, बाराव्यावर पुन्हा घर. सहा महिन्यांनी मी एक अख्खं गाणं वाजवलं, तेही एका बोटानं.

आठवड्याभरात कंटाळलो, हेही सांगायला हवं. आडव्या बोटानं मिळणारे सगळे कॉर्ड मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराचे, हसऱ्या धाटणीचे. उदास गाणंही वाढदिवसाचं वाटायला लागतं. अशा ट्यूनिंगचं कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत.

मग एका रविवारी बाबा पेपर वाचत होते आणि मी शेजारी वाजवत होतो.

"गंधार चढलाय तुझा." मान वर न काढता.

"बाबा, ट्यूनर लावूनच केलंय. हा बघा हिरवा दिवा."

"दिवा असेल हिरवा. नुसता षड्ज छेड आणि थांब जरा. घाई नको."

सहावी छेडली. ती विरत जाताना बाबांनी तोंडानं बारीक आवाजात ग लावला. "हा ऐकू येतोय का तुझ्या तारेतून? आता ती तिसरी वाजव."

वाजवली, आणि एकदा ऐकल्यावर सुटका नाही. दोन्ही तारा एकत्र वाजवल्या की त्यांच्यात एक थरथर होती, सेकंदाला साधारण तीन हेलकावे.

तंबोऱ्याशी ओळख असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार निघतो, तो त्या तारेचाच पाचवा हिस्सा असतो: मूळ सुराच्या पाचपट कंपनं. ट्यूनर मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडतो, आणि त्या वाटणीत शुद्ध गंधाराला जवळजवळ 14 सेंट जास्त मिळतात. 100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर, म्हणजे हे जास्तीचे त्याचा सातवा हिस्सा म्हणा. पेटीतही तीच गोची असते. पण नेहमीच्या लावणीत गिटारवर कुठलाच ग असा सतत मोकळा घुमत नाही, म्हणून इतकी वर्षं कानाला टोचला नव्हता. इथे तो दर छेडीला वाजतो.

उपाय गिटारमध्येच सापडला. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडून लगेच उचलायचं. घंटीसारखा आवाज येतो; तोच तो स्वयंभू ग. तिसऱ्या तारेवर असंच बाराव्या फ्रेटवर करायचं. दोन्ही घंट्या एकामागोमाग वाजवून तिसरीची खुंटी केसभर उतरवत जायची. हेलकावे तिनाचे दोन, मग एक लांबलचक, मग नाहीच. त्या क्षणी सहाही तारा छेडल्या तर आवाज मोठा होत नाही, पण खोलीत पसरतो. बाबांनी पेपर खाली ठेवला. ट्यूनरवर तांबडा दिवा.

याची किंमत मोजावी लागते. ग खाली आणला की त्या तारेवरचे बाकीचे सूरही तेवढेच खाली येतात. पहिल्या फ्रेटवरचा म चक्क बेसूर लागला. आता म मी चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर घेतो आणि तिसरी बहुतेक मोकळीच ठेवतो. आडव्या बोटाला हा त्रास नाही, कारण सगळ्याच तारा एकत्र सरकतात.

"गुरुवारी घेऊन बस की," असं बाबा म्हणाले आणि पुढची भानगड सुरू झाली. बाबांचा सूर काळी एक, म्हणजे माझ्या डीच्या अर्धा स्वर खाली. कॅपोनं (मानेवर लावायच्या चिमट्यानं) वर जाता येतं, खाली नाही. सगळ्या तारा आणखी उतरवल्या. सहावी मूळ ईपासून तीन अर्धस्वर खाली गेली. तेवढ्यानं तारेचा ताण तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. जोरात छेडली की फ्रेटवर खडखड. बाबांना ती जवारीसारखी (तंबोऱ्याच्या गुंजारवासारखी) वाटली, म्हणून त्यांनी तारेखाली ब्रिजपाशी दोरा सारून बघायला लावलं. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि अलगद उतरती असते, म्हणून तिथे दोऱ्यानं जवारी खुलते. गिटारची पट्टी अरुंद. दोऱ्यानं आवाज फक्त मेला. शेवटी बारीक संच काढून .013 ते .056 इंचाचा जाड संच चढवला. बोटांना चार दिवस त्रास झाला, खडखड गेली.

गुरुवारी पहिले दोन अभंग छान झाले. मी फक्त मोकळ्या तारा छेडत होतो, मधेच पाचवा फ्रेट. तिसऱ्याला बाबांनी भैरवीतलं पद धरलं. भैरवीत गंधार कोमल आणि माझ्या मांडीवर शुद्ध ग ठणठणतोय. पखवाजवाल्या काकांनी भुवया वर केल्या. मी तळहातानं तारा झाकल्या आणि टाळ उचलले.

त्यावरचा उपाय मात्र सोपा निघाला. तिसरी तार अर्धा स्वर चढवून म वर न्यायची: सा प सा म प सा. ग नाहीच, त्यामुळे कोमल की शुद्ध हा वादही नाही; ते गळ्यानं ठरवावं. गिटारवाले डीवर सा धरून हिलाच डॅडगॅड म्हणतात. इंग्लंडचा डेव्ही ग्रॅहम 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत गेला, तिथल्या ऊद वादकांबरोबर वाजवता यावं म्हणून त्यानं ही लावणी धरली आणि पुढे ती सगळीकडे पसरली. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा काय करत होते?" बरोबर आहे. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरासिया यांच्याबरोबर ज्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, ते काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर कांडी फिरवत राग वाजवायचे. ती कॅसेट आमच्या घरात होती. मी ती कधी गिटार म्हणून ऐकलीच नाही.

आता ग आणि म यांच्यामध्ये तिसरी खुंटी अर्ध्या मिनिटात फिरते. नेहमीच्या लावणीतली जुनी गाणी मात्र गेली ती गेलीच. परवा भाच्यानं गिटार उचलून सवयीनं जी कॉर्ड धरला आणि घाबरून खाली ठेवली.

येत्या गुरुवारी मालकंसातलं पद आहे, आणि मालकंसात पंचम वर्ज्य. "तुझ्या दोन पंचमांना कुठे लपवणार?" असं विचारून बाबा दोन दिवस मजा बघतायत. वहीत लिहून ठेवलंय: पाचवी आणि दुसरी म वर, तिसरी कोमल ग वर. सा म सा ग म सा. काल रात्री करून पाहिलं. वरच्या चार तारा सुरेख लागल्या. पाचवी इतकी ढिली झालीय की जाड तारेनंही पुन्हा खडखड सुरू आहे.