खुर्च्यांचे हात

आई तीन महिने मेलबर्नला राहिली आणि मे महिन्यात तिला वेंगुर्ल्याला पोचवायला मी सोबत निघाले. मधे सिंगापूरच्या चांगी विमानतळावर अकरा तास काढायचे होते. अख्खी रात्र. सरळ विमानाचं तिकीट परवडत नव्हतं अशातला भाग नाही, पण दोघींच्या फरकाच्या पैशांत घराच्या पडवीची कौलं शाकारून झाली असती. तरी आईचे गुडघे आठवले की जीव खाली-वर व्हायचा.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विमानतळावर मी एकटीने नऊ तास काढले होते. लांबच लांब खुर्च्यांच्या रांगा, मऊ गाद्या, पण प्रत्येक दोन खुर्च्यांमध्ये लोखंडी हात. माणसाने आडवं होऊ नये म्हणून मुद्दाम ठोकलेले. मी त्या हातांखालून पाय सरकवून पाहिले, कुशीवर वळून पाहिलं. बरगडीत तो गज रुतायचा. शेवटी खांबाशी जमिनीवर ओढणी अंथरली, तर पहारेकऱ्याने बुटाने माझी बॅग हलवून उठवलं. अजून संताप येतो. दमलेल्या माणसाला निजू द्यायचं नाही, याचा कोणीतरी बसून विचार केलाय, नकाशे काढलेत, पैसे मोजलेत!

चांगीला संध्याकाळी उतरलो. विमानतळाला जोडलेल्या ज्वेल या काचेच्या इमारतीतला चाळीस मीटरचा धबधबा आईला दाखवायचा होता, पण तो इमिग्रेशनच्या बाहेर आणि आमच्याकडे सिंगापूरचा व्हिसा नव्हता. मग एका टर्मिनलमधून दुसऱ्यात नेणाऱ्या स्कायट्रेनमध्ये बसलो. ती ज्वेलमधूनच जाते, काचेतून धबधबा दिसतो. आई म्हणाली, "आंबोलीक पावसात येवा म्हणावं." मलाही तसंच वाटलं, खरं सांगते.

रात्री अकराच्या सुमारास खांबापाशी गालिच्यावर मी गोधडी पसरली. आईच्याच जुन्या सुती लुगड्यांची. आई बसली, पण पडेना. "हय निजलंय तर कोण उठवतलो नाय मां?" तेवढ्यात साफसफाई करणारी एक बाई यंत्र घेऊन आली. मी घाईने गोधडी गोळा करू लागले. तिने यंत्र बंद केलं, आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि हाताने 'चला' अशी खूण करून आम्हाला स्नूझ लाउंजपर्यंत नेऊन सोडलं. मंद दिवे, पाय लांब करता येतील अशा आरामखुर्च्या, पैसे नाहीत, कोणाची चिठ्ठी नाही. आईने चपला जोडीने खुर्चीखाली ठेवल्या, गोधडी कानापर्यंत ओढली आणि पाच मिनिटांत घोरू लागली. एसीचा गारठा मात्र भयंकर, कोणी जाणार असाल तर जाड पांघरूण हातातल्या बॅगेतच ठेवा.

मुंबईला पोचल्यावर दिवस मावशीकडे काढला आणि मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडायला दादरला गेलो. फलाटावर लोक चादरी पसरून झोपलेले, उशाला पिशव्या. आपल्याकडे आरामखुर्च्या नसतील, स्वच्छतेबद्दल तर बोलूच नये, पण त्या माणसांना कोणी उठवत नव्हतं. हमाल त्यांना वळसा घालून जात होते. गणपतीत तिथे उभं राहायला जागा नसते हे मलाही माहीत आहे, तरी मला ते बघून बरं वाटलं. तुतारी सावंतवाडीलाच संपते, त्यामुळे स्टेशन चुकायची भीती नाही. दोघी गाढ झोपलो.

दुपारी रिक्षा अंगणात थांबली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाला पैसे घेऊन वळला, तर आईने अजून घराचं कुलूपही उघडलं नव्हतं, आणि ओटीवर तीच गोधडी झटकून पसरली.

"वायंच आड पड रे झिला. मगे जा."

तो पडला. मी चहा टाकेपर्यंत त्याला झोप लागली होती.