बायबल कुठून उघडावं, प्रार्थनेत काय बोलावं

पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की गाडी बहुतेक वेळा निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायाशी अडते. तोवर सगळं भराभर जातं. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं, फळ्या, कड्या, पडदे सुरू होतात, पुढे लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं, आणि पुस्तक मिटतं ते पुढच्या नाताळापर्यंत. यात नव्या विश्वासणाऱ्याचा दोष नाही. बायबल म्हणजे पुस्तकांचा संच (प्रॉटेस्टंट प्रतीत ६६, कॅथलिक प्रतीत ७३), आणि तो क्रमाने वाचायलाच हवा असं कुठेही सांगितलेलं नाही.

मार्कापासून सुरुवात करा. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांतलं (येशूच्या चरित्रांतलं) सगळ्यात लहान. रोज अख्खा अध्याय नको, १४वा तर ७२ वचनांचा आहे. एक प्रसंग पुरे, १० ते २० वचनं. मार्कानंतर योहान, मग प्रेषितांची कृत्ये, मग फिलिप्पैकरांस पत्र. जुन्या करारातून तोवर फक्त स्तोत्रं.

प्रत तीच घ्या जी तुमच्या मंडळीत वाचली जाते, म्हणजे रविवारी वचन ऐकताना बोट ठेवता येतं. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतली दुसरी प्रत शेजारी असू द्या. खुणा मात्र पेन्सिलीने करा. कागद पातळ असतो. जेल पेन आणि हायलायटर मागच्या पानावर उमटतात. पावसाळ्यात पुस्तक चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीची ओल थेट पुठ्ठ्याला लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं तर त्याहून वाईट. ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. अधूनमधून पंख्याखाली पानं मोकळी करावीत.

वाचन तीनदा. पहिल्यांदा मोठ्याने. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन: कोण बोलतंय, कुणाशी, आधी काय घडलं, लगेच पुढे काय आहे. तिसऱ्यांदा एकच प्रश्न, हे माझ्याकडून काय मागतंय. नवखा माणूस पहिली पायरी घाईत उरकतो, दुसरी गाळतो आणि थेट तिसरीवर उडी मारतो.

मत्तय १३:४७-५० (१३वा अध्याय, वचनं ४७ ते ५०) घ्या, हा येशूने सांगितलेला जाळ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढताना ज्याने पाहिली आहे त्याला हा शास्त्रभाग डोळ्यांसमोर दिसेल. होडी जाळं सोडत कमान घालून परत येते, दोन्ही टोकांना माणसं लागतात, आणि बांगडा, तारली, कुर्ल्या, कचरा, सगळं एकदमच वाळूवर येतं. दाखल्यातही जाळं किनाऱ्याला ओढलं जातं, लोक बसतात, चांगलं जमा करतात, वाईट टाकून देतात. आता पेन्सिल चालवा. निवड कधी होते? जाळं भरल्यावर, किनाऱ्यावर. पाण्यात कुणी निवडत बसत नाही. कोण निवडतं? ४९वं वचन सांगतं: देवदूत, युगाच्या समाप्तीला. म्हणजे वाडीतला कोण वाईट मासा हे ठरवायचं काम वाचणाऱ्याकडे दिलेलंच नाही, आणि नेमकी हीच चूक उत्साही नवा विश्वासणारा सगळ्यात आधी करतो. आणखी एक. ‘वाईट’ म्हणजे सडकंच असं नव्हे. लेवीय ११:९-१२ उघडा: पंख आणि खवले नसलेलं काहीही यहुद्यांना वर्ज्य. आपली मुशी (शार्क), कोळंबी, कुर्ली, सगळं बाद! गालीलचा समुद्र हे गोड्या पाण्याचं सरोवर, त्यात मुशी-कोळंबी नव्हती. पण बिनखवल्यांचे मासे होते, आणि ते बहुधा याच नियमाने बाजूला पडत असावेत. लेवीय वाचायची वेळ ही. असा प्रश्न हातात असला की ते पुस्तक रुक्ष वाटत नाही.

सुटं वचन उचलण्याचा मोह मोठा. फिलिप्पै ४:१३ (सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो) भिंतीवर लावायच्या आधी ११ आणि १२ वाचा, तिथे भूक आणि टंचाईची गोष्ट चालली आहे. यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत) याच्या आधीच्याच वचनात बाबेलातल्या बंदिवानांना ७० वर्षं थांबायला सांगितलं आहे. डोळे मिटून पान उघडणं आणि बोट पडेल तो देवाचा संदेश मानणं, हे तर सोडूनच द्या.

प्रार्थना त्याच वाचनातून सुरू करावी. जे वाचलं त्यातल्या एका गोष्टीबद्दल आभार, मग नाव घेऊन कबुली (‘माझी पापं क्षमा कर’ असं मोघम नको, काल कुणाशी काय वागलो ते), मग विनंत्या, शेवटी प्रभूची प्रार्थना एकेका ओळीवर थांबत. दहा मिनिटं भरपूर झाली. पाळकांची भारदस्त भाषा उसनी घेऊ नका. घरी मालवणी बोलत असाल तर मालवणीतच बोला. मत्तय ६:७ पाठ करण्यासारखं आहे, तिथे येशू व्यर्थ बडबडीला नको म्हणतो. शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र १३: सहा वचनं, आधी ‘कुठवर?’ अशी तक्रार, मग मागणं, मग भरवसा. किंवा ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं कवी ना. वा. टिळकांचं एखादं पद; टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, त्यांची पदं भजनाच्या कानाला परकी वाटत नाहीत.

पहाटेची वेळ चांगली, पण सक्तीची नाही. होडी पहाटे तीनला सुटत असेल तर दुपारी जाळी विणताना करा; स्तोत्र ५५:१७ मध्ये संध्याकाळ, सकाळ, दुपार तिन्ही आहेत. घरात दार लावून बसण्याजोगी खोली नसेल तर पडवी किंवा माड-पोफळीखालची जागा चालते.

घरात बाकी कुणी ख्रिस्ती नसेल तर पहिला गणेशोत्सव अवघड जातो. आरती आणि प्रसादाचं काय, हे ऐन आरतीच्या वेळी दारात उभं राहून ठरवू नका. १ करिंथ ८ आणि १०:२३-३३ (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे भाग) महिनाभर आधी वाचा, पाळकांशी किंवा फादरांशी बोला, मग घरच्यांना शांतपणे सांगा. घरच्या कामाला मात्र सगळ्यात पुढे राहा.

दिवस चुकले तर मागचं भरून काढायला बसू नका. आज जिथे खूण आहे तिथूनच वाचा. न कळलेल्या वचनापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाका आणि रविवारी उपासनेनंतर, चहाच्या वेळी, पाळकांना गाठा.